मारुती ८००चा मीटर उतरवून आतले दिवे बदलायचे तर

डिसेंबरातली गोष्ट. लातूरहून अंबाजोगाईला परत येत होतो. रेणापूर मागं पडलं आणि अंधार झाला. कारखान्यांचा हंगाम जोरात होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि शेवटच्या ट्रॉलीला मागं ना दिवा ना चमकणारी पट्टी. अशा रस्त्यावर आपण किती वेगात आहोत, लाइट अप्परवर आहे की डिपरवर, हे एका नजरेत कळलं पाहिजे. माझ्या मीटरमधे मात्र काळोख. बायकोनं मोबाइलचा टॉर्च काट्यावर धरला तर त्याचा उजेड काचेवरून उलटून माझ्याच डोळ्यांत आला. तिला म्हटलं, बंद कर, समोरचं दिसंना. घरी पोहोचेपर्यंत अंदाजानं गाडी चालवली आणि त्याच रात्री ठरवलं की या रविवारी मीटर उतरवायचा.

मी मोटार वाइंडिंगचं काम करतो. विहिरीवरच्या मोटारी, सबमर्सिबल, पिठाच्या गिरणीच्या मोटारी. वीस-बावीस वर्षं हात तांब्याच्या तारेत आहेत. गाडीचा मिस्त्री मी नाही, पण हे काम ज्याला पेचकस धरता येतो आणि ज्याच्या अंगात सबुरी आहे त्याला जमतं. माझी गाडी २००४ची मारुती ८००, जुनी घेतलेली. ही गाडी १९८३च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज जी ८०० चालतीय तिचं वय दहाच्या वरच आहे, आणि तिच्या मीटरमधले बल्ब आता एकेक करून जाणारच. आपल्याकडं अजून गावोगाव या गाड्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय. त्या काळातल्या बाकीच्या गाड्यांचंही तंत्र साधारण हेच, स्क्रूच्या जागा तेवढ्या बदलतात. नव्या गाड्यांत दिवे सर्किटवरच डाख दिलेले असतात आणि स्टिअरिंगमधे एअरबॅग असते. तिथं यातलं काही करू नका, ते काम वेगळं आहे.

मीटर उतरवायच्या आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, की बिघाड खरोखर मीटरमधेच आहे. मीटरचा उजेड पार्किंग लाइटबरोबर लागतो. लाइटचा दांडा पहिल्या खटक्यावर फिरवा आणि खाली उतरून मागं जा. मागचे तांबडे दिवे आणि नंबरप्लेटचा दिवासुद्धा लागत नसेल तर फ्यूज बघा, टेल किंवा पार्किंगच्या नावाचा असतो. उडाला असेल तर जितक्या अँपिअरचा होता तितक्याचाच घाला. पुन्हा उडाला तर वायर कुठंतरी बॉडीला लागलीय, तिथं जाड फ्यूज किंवा तार गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. शेतातल्या स्टार्टरवर लोक असं करतात आणि मग जळकी मोटार माझ्याकडं येते. गाडीत तर पेट्रोल आहे. मागचे दिवे लागतायत आणि फक्त मीटरच काळा आहे, तर बल्ब गेलेत नाहीतर कनेक्टर सैल आहे. अर्धा मीटर उजेडात, अर्धा अंधारात असेल तर बल्बच.

दुसरं, आणि हे मी सगळ्यांत महत्त्वाचं मानतो. चावी फिरवून ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि मीटरमधे कोणकोणते दिवे लागतात ते बघा. ऑइलचा किटलीसारखा तांबडा दिवा, बॅटरीचा तांबडा दिवा, हँडब्रेक ओढलेला असेल तर त्याचा दिवा, आणि फ्यूएल इंजेक्शनची गाडी असेल तर इंजिनचा पिवळा दिवा. हे सगळे इंजिन बंद असताना लागलेच पाहिजेत. मग अप्पर मारून निळा दिवा बघा, डावा-उजवा इंडिकेटर बघा. मोबाइलवर याचा व्हिडिओ करून ठेवा. मी केला होता, पण नीट बघितला नव्हता. त्याचं पुढं सांगतो.

सामान फार लागत नाही. एक मध्यम आणि एक आखूड दांड्याचा स्टार पेचकस, दोन्हीची टोकं चुंबकावर घासून घेतलेली. बॅटरीसाठी दहाचा पाना. एक जुनी प्लॅस्टिकची पट्टी, शाळेतल्या कंपासमधली असते तसली. जुना टॉवेल, मऊ धुतलेलं धोतर किंवा बनियन, रंगाचा मऊ ब्रश, पोरांचा पांढरा खोडरबर, आणि मल्टीमीटर असला तर उत्तम. बल्ब आधी आणून ठेवा. ते बिनटोपीचे, काचेच्या बुडाचे असतात, बुडातून दोन बारीक तारा बाहेर येऊन दुमडलेल्या. मीटर उजळायला मोठे लागतात, ते दहा मिलिमीटर जाडीचे, दुकानात टी-टेन म्हणून मागा. इशाऱ्याच्या दिव्यांना त्याहून बारीक असतात. मोठा साधारण तीन-साडेतीन वॅटचा, बारीक दीड वॅटच्या आतला. एक उघडून त्यावरचा आकडा वाचल्याशिवाय सगळे विकत घेऊ नका. मी लातूरला गंजगोलाईत बाजाराला गेलो होतो तेव्हाच दोन्ही मापांचे घेऊन आलो, चार-चार जास्तीचे. मीटर एकदा उतरवला की चांगले दिसणारे जुने बल्बही बदलून टाकावेत. एक गेला म्हणजे त्याच्याबरोबर जन्मलेले बाकीचेही थकलेलेच असतात. काच आतून काळसर झाली असेल तर तो बल्ब आता काही दिवसांचाच सोबती समजा.

काम सकाळी करा. आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारी बंद गाडीत डॅशबोर्डला हात लावता येत नाही, प्लॅस्टिक मऊ पडून वाकतं. उलट डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तेच प्लॅस्टिक इतकं कडक असतं की क्लिप काडीसारखी मोडते. इतकी वर्षं मराठवाड्याचं ऊन खाल्लेलं प्लॅस्टिक आहे ते, त्याला नव्यासारखं वाकवू नका. मी गाडी नऊ वाजता कोवळ्या उन्हात उभी केली, अर्ध्या तासानं लिंबाच्या सावलीत घेतली आणि मग हात घातला. आधी ब्रशनं सगळी धूळ काढली. काळ्या रानाची धूळ पिठासारखी असते, ती मीटरच्या फटीत गेली की काट्यांपर्यंत जाते.

चावी काढून घ्या. चाकं सरळ ठेवा. बोनेट उघडून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल, म्हणजे उण्याच्या खुणेचं, दहाच्या पान्यानं सैल करून काढा आणि त्याच्यावर कापड गुंडाळा, म्हणजे ते परत जाऊन टेकणार नाही. आधी निगेटिव्हच का? पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणगी उडते. निगेटिव्ह आधी सुटलेलं असलं की ती भीती राहत नाही. जोडताना उलटं, निगेटिव्ह शेवटी.

आता टॉवेल स्टिअरिंगच्या दांड्यावर असा पसरा की दांडा आणि डॅशबोर्ड यांच्यामधली फट पूर्ण झाकली जाईल. माझा भाचा मदतीला होता, त्याला वाटलं काच खरचटू नये म्हणून टॉवेल. तेही आहे, पण खरं कारण त्या फटीत आहे. तिथं पडलेला स्क्रू पेडलच्या मागं कुठं अडकेल याचा नेम नाही, आणि ब्रेकच्या पेडलमागं अडकलेला स्क्रू ही काही गंमत नव्हे.

मीटरभोवती जे काळं कव्हर आहे, त्याच्या छताला आतल्या बाजूनं, वरच्या दिशेनं बघणारे स्क्रू असतात. बसल्या जागेवरून ते दिसत नाहीत. मोबाइलचा कॅमेरा मीटरच्या काचेपाशी धरून वर बघा, म्हणजे दिसतील. आखूड पेचकस इथं लागतो. पेचकस पूर्ण दाबून धरून मग फिरवा. घाईत फुली झिजली की तो स्क्रू दिवसभर छळतो. स्क्रू निघाल्यावर कव्हर आपल्याकडं हलकं ओढा. ते क्लिपांवरही धरलेलं असतं. निघालं नाही तर जोर लावू नका, राहिलेला स्क्रू शोधा. पुन्हा एकदा चहूकडून नजर फिरवा. क्लिप सोडवायला लोखंडी पेचकस घालू नका, ती प्लॅस्टिकची पट्टी घाला आणि क्लिपेच्या जवळ हलकं उचला. कव्हरला काही बटणं जोडलेली असतील तर त्यांच्या वायरी आधी मागून काढा.

स्क्रू ठेवायची माझी एक रीत आहे, मोटारी उघडताना लागलेली. एका पुठ्ठ्यावर पेनानं मीटरचा आकार काढायचा आणि जो स्क्रू जिथून निघाला, तिथंच पुठ्ठ्यात खोचायचा. सगळे सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की प्लॅस्टिकला पलीकडून चीर पाडतो.

कव्हर गेलं की मीटरला चार कोपऱ्यांत धरणारे स्क्रू समोरच दिसतात. ते काढा. आता मीटर मोकळा वाटतो आणि लगेच ओढून काढावासा वाटतो. इथंच सगळ्यात जास्त नुकसान होतं. मीटरच्या पाठीला स्पीडोमीटरची केबल आहे. ती गिअरबॉक्सपासून येते, आत पोलादी तार फिरते, तिच्यामुळं काटा हलतो आणि किलोमीटर मोजले जातात. मीटर चार बोटं पुढं घ्या, त्याहून जास्त नाही. मग डावा हात मीटरच्या मागं सरकवा. बोटांना एक जाड, गोल प्लॅस्टिकचा कान लागेल. तो अंगठ्यानं दाबून धरायचा आणि केबल मागं ओढायची. टक् असा आवाज येऊन सुटते. डोळे मिटून केलं तर लवकर जमतं, मी खरंच डोळे मिटले होते. बोटांना जे कळतं ते तिथं डोळ्यांना दिसणारच नसतं. केबल ताणलेली असेल आणि हात शिरत नसेल तर बोनेटच्या बाजूनं, जिथं केबल पत्र्यातून आत येते तिथून, भाच्याला किंवा शेजाऱ्याला थोडी आत ढकलायला सांगा. दोन-तीन इंच पुष्कळ होतात.

कनेक्टर राहिले. प्रत्येकाला एक लॉक असतो, तो दाबून कनेक्टरचं अंग धरून ओढा. वायर धरून ओढू नका. एकसारखे दोन कनेक्टर असतील तर एकाला चिकटपट्टीची खूण करा. फोटो तर काढाच.

मीटर आता हातात आला. आम्ही ओसरीत बाजेवर मऊ धोतर पसरून त्यावर तो पालथा ठेवला. पाठीमागं एक पातळ, लवचीक फिल्म चिकटलेली दिसते, तिच्यात तांब्याच्या रेघा. वायरीऐवजी सगळा करंट या रेघांतून फिरतो. त्यांच्यावर जागोजागी काळे, छोटे होल्डर. होल्डर बोटांनी धरून घड्याळाच्या उलट्या दिशेनं पाव आटा फिरवा, बाहेर येतो. बल्ब होल्डरमधून सरळ ओढून काढायचा, पिळायचा नाही. काच बुडाशी तुटली तर बोट कापतं, कापडानं धरा. समोरच्या बाजूचे काटे, डायल, काच, यांना हात लावू नका. काट्याला नुसता धक्का लागला तरी तो पुढं कायम खोटं सांगतो.

एकेक होल्डर काढत होतो. उजेडाचे बल्ब तर काळे पडलेलेच होते. तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, ह्याच्यात बल्बच नाही की."

मी म्हटलं, "नीट बघ, आत पडला असंल."

"नाही मामा. आतून भोकावर पट्टी लावलीय."

मीटर उचलून उन्हात धरला. होल्डर रिकामा, आणि ज्या भोकातून त्याचा उजेड डायलवर पडायचा त्या भोकावर इन्सुलेशन टेपचा नखाएवढा चौकोन, कात्रीनं व्यवस्थित कापलेला. मीटर सरळ करून बघितलं, तर ती जागा ऑइलच्या किटलीची. मी गाडी घेऊन तीन वर्षं झाली होती. सकाळचा व्हिडिओ पुन्हा लावला. बॅटरीचा दिवा आहे, हँडब्रेकचा आहे, ऑइलचा नाही. तीन वर्षं मी रोज चावी फिरवत होतो आणि जो दिवा लागत नाही तो माझ्या ध्यानातच आला नव्हता. लागलेला दिवा माणसाला दिसतो, न लागलेला दिसत नाही. म्हणून म्हणतो, तो व्हिडिओ करा आणि एकेका दिव्याचं नाव घेऊन बघा. जुनी गाडी विकत घ्यायला जाल तेव्हा तर व्यवहाराचं बोलायच्या आधी हे करा. ज्यानं कुणी तो टेप लावला त्याचं कसब चांगलं होतं, आणि ते कसब त्यानं दुसऱ्याच्या इंजिनावर उठेल अशा कामाला वापरलं याचा मला आजही राग येतो.

पुढचं सांगण्याआधी बल्बचं पुरं करतो. नवा बल्ब घालायच्या आधी होल्डरचे पत्रे आणि फिल्मवरच्या त्यांच्या जागा साफ करा, कारण निम्म्या वेळा बल्ब चांगला असतो आणि जागा मळलेली असते. जवळून बघा. होल्डरला दोन पितळी कान असतात, ते फिल्मवरच्या तांब्याच्या ठिपक्यांवर दाबून बसतात. ठिपका लालसर चमकदार असायला हवा. माझे चॉकलेटी झाले होते, एक तर हिरवट. पावसाळ्याची ओल आणि धूळ मिळून हे होतं. खोडरबरचा कोपरा कापून टोकदार करा आणि ठिपक्यावर हलक्या हातानं, एकाच दिशेनं घासा. दहा-बारा वेळा घासलं की खालचं तांबं उघडं पडतं. खोडरबरचे कण ब्रशनं झाडून काढा. पॉलिश पेपर वापरू नका. ही रेघ कागदाइतकीसुद्धा जाड नाही, दोन घासण्यांत उडून जाईल. रेघ मधेच तुटलेली दिसली तरी डाख द्यायचा मोह आवरा. माझ्या हातात रोज डाखाची इस्त्री असते, तरी मी ती फिल्मजवळ नेली नाही. फिल्म वितळते आणि शेजारच्या चांगल्या रेघाही सुटतात. होल्डरचे कान मात्र नखानं किंचित वर उचला, केसभर, म्हणजे बसल्यावर घट्ट दाबतील. बल्बच्या बुडाच्या तारा सरळ दुमडलेल्या आहेत ना तेही बघा, वाकडी तार आत पत्र्याला लागतच नाही. नवा बल्ब धोतराच्या कोपऱ्यानं पुसून घाला.

वॅट वाढवू नका. जास्त उजेड पाहिजे म्हणून पाच वॅटचे घातलेले मीटर मी बघितलेत. होल्डर वितळून फिल्मला चिकटलेले आणि डायलवर तपकिरी डाग.

एलईडी घालायचे का, हे सगळेच विचारतात. उजेडाच्या जागी घाला, उष्णता कमी, आयुष्य जास्त. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, एलईडीला उलटं-सुलटं असतं. लागला नाही तर खराब समजून फेकू नका, काढून अर्धा फिरवून घाला. दोन, बऱ्याच मीटरमधे बल्बवर किंवा डायलमागं रंगीत गाळणी असते, मीटर हिरवा दिसतो तो तिच्यामुळं. तिच्यामागं निळा एलईडी लावला तर उजेड तिथंच मरतो. पांढरा किंवा हिरवा घ्या. तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. बॅटरीच्या तांबड्या दिव्याच्या जागी एलईडी घालू नका. जुन्या गाड्यांत बऱ्याचदा आल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या, रोटरला (आतल्या फिरणाऱ्या भागाला) सुरुवातीचा करंट याच बल्बमधून जातो. त्या करंटनं रोटरमधे चुंबकत्व येतं आणि मग चार्जिंग सुरू होतं. एलईडी फार थोडा करंट जाऊ देतो, त्यामुळं इंजिन रेस करेपर्यंत आल्टरनेटर जागाच होत नाही, कधी होतच नाही. मग लोक बॅटरी बदलतात, आल्टरनेटर माझ्यासारख्याकडं खोलायला आणतात, आणि दुखणं निघतं त्या बोटाएवढ्या बल्बात. तिथं तारेचाच बल्ब, होता तितक्याच वॅटचा. मी तर इशाऱ्याचे सगळेच बल्ब तारेचे ठेवले. आणि ज्या गाडीत डाव्या-उजव्या इंडिकेटरला मिळून मीटरमधे एकच दिवा असतो, तिथं एलईडी एकाच बाजूला लागतो, तेही कारण आहेच.

काच बाहेरून पुसायची तर साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ फडकं. पेट्रोल, थिनर, डोक्याचं तेल, काही नको. ती काच नाही, प्लॅस्टिक आहे, थिनरनं दुधाळ होते आणि पुन्हा कधी साफ होत नाही.

आता सगळे होल्डर बसवून पाव आटा फिरवा, आणि स्क्रू लावायच्या आधी तपासणी. मीटर टॉवेलवर टेकवून फक्त कनेक्टर जोडा, केबल राहू द्या. बॅटरीचं निगेटिव्ह लावा. चावी ऑन करा आणि व्हिडिओतल्या क्रमानंच एकेक दिवा बघा. पार्किंग लाइट, अप्पर, दोन्ही इंडिकेटर, हँडब्रेक.

मी टेपचा तुकडा काढून टाकला होता आणि ऑइलच्या होल्डरमधे नवा बल्ब घातला होता. चावी फिरवली, किटली तांबडी लागली. लागायलाच पाहिजे. इंजिन बंद असताना ऑइलला दाब नसतो, इंजिनवरचं ऑइल प्रेशर स्विच वायरला बॉडीशी जोडतं आणि दिवा लागतो. इंजिन चालू झालं की दाब तयार होतो, स्विच तोडतं, दिवा विझतो. मी स्टार्टर मारला. इंजिन चालू झालं. दिवा विझला नाही. चार आकडे मोजले आणि बंद केलं. हा दिवा लागलेला असताना इंजिन चालू ठेवू नये, दाब खरंच नसेल तर बेअरिंग धरायला वेळ लागत नाही.

डिपस्टिक काढून बघितली, ऑइल दोन खुणांच्या मधे, रंगही बरा. मग त्या स्विचची वायर काढली आणि चावी ऑन केली. दिवा लागला नाही. म्हणजे वायर मधे कुठं बॉडीला लागलेली नाही. वायर बॉडीला टेकवली, दिवा लागला. म्हणजे मीटरही ठीक. राहिल्या दोनच शक्यता. एकतर दाब खरोखर कमी आहे, नाहीतर स्विच आतून चिकटलंय. हे घरी ठरवू नका. इथून पुढं मिस्त्रीचं काम. मिस्त्री दाब मोजायचं गेज घेऊन आले, स्विच काढून त्या जागी गेज बसवलं, इंजिन गरम होईपर्यंत बघितलं. दाब उत्तम. स्विच खराब होतं, नुसतं स्विच. नवं बसवायला त्यांना चहा निवायच्या आतला वेळ लागला. एवढ्याशा वस्तूसाठी कुणीतरी आधी मीटर उतरवला होता, टेप कापला होता, बल्ब काढला होता आणि सगळं पुन्हा जागेवर बसवलं होतं. त्याला स्विच बदलण्यापेक्षा जास्त कष्ट पडले असतील. दाब खरंच गेला असता तर तीन वर्षांत कधीही, रस्त्यावर कुठंही, मला काही कळायच्या आत इंजिन बसलं असतं.

स्विच बसल्यावर पुन्हा चावी फिरवली. किटली लागली. स्टार्टर मारला. एक क्षण राहिली आणि विझली. भाच्याला म्हटलं, हे बघून ठेव, लागणं आणि विझणं, दोन्ही.

बसवताना फक्त दोन ठिकाणी सांभाळायचं. केबलच्या टोकाची चौकोनी तार मीटरच्या चौकोनी भोकात बसली पाहिजे. ढकलल्यावर बसली नाही तर तार बोटानं थोडी फिरवून पुन्हा ढकला, टक् आवाज आला म्हणजे बसली. केबल कोरडी असेल आणि काटा थरथरत असेल तर आतल्या तारेला ग्रीसचा पातळ हात द्या, पण मीटरकडच्या टोकाची चार बोटं कोरडी ठेवा. जास्तीचं ग्रीस फिरत फिरत वर चढतं आणि मीटरच्या आत जातं. दुसरं, प्लॅस्टिकमधले स्क्रू. पेचकस लावून आधी उलटा फिरवा. एका ठिकाणी स्क्रू किंचित खाली बसल्याचं हाताला कळतं, तिथं जुना आटा सापडलेला असतो. मग सुलटा फिरवा. असं केलं नाही तर स्क्रू दर वेळी नवा आटा कापतो आणि तिसऱ्या वेळी भोकात धरायला काही उरत नाही. टेकला की थांबा, पिळू नका. पुठ्ठ्यावर एकही स्क्रू उरता कामा नये. टॉवेल काढायच्या आधी तो झटकू नका, चारी कोपरे गोळा करून बाहेर न्या.

मग गल्लीत एक चक्कर मारा. स्पीडचा काटा उठतोय, किलोमीटर सरकतायत, पेट्रोल आणि टेंपरेचरचे काटे आधीसारखेच आहेत, हे दिवसा बघा. उजेड रात्री बघा. मी त्याच संध्याकाळी परळीच्या रस्त्याला घाट उतरेपर्यंत जाऊन आलो. समोरून गाडी आली की डिपर द्यायचा, निळा दिवा विझतो. गाडी गेली की अप्पर, निळा लागतो. हे मला तीन वर्षांत पहिल्यांदा मान न वाकवता दिसत होतं.

आणि एक काम घरी आल्यावर केलं. वहीचं पान फाडून त्यावर तारीख घातली, कुठल्या जागी किती वॅटचा बल्ब घातला ते लिहिलं, बॅटरीच्या दिव्याला एलईडी लावायचा नाही हे लिहिलं. खाली लिहिलं, ऑइलचा दिवा चालू आहे, स्विच नवं आहे, दिवा लागला तर गाडी थांबवावी. ते पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कागदांबरोबर ठेवलंय. गाडी उद्या ज्याच्या कुणाच्या हातात जाईल त्यानं मीटर उघडण्याआधी ते वाचावं.